कामावर जखमी झालेली माणसं आणि ओपिऑइडच्या गोळ्या: वर्कर्स कॉम्पमध्ये काय बदललं, काय राहिलं

मृण्मयी_ओहायो (धागाकर्ती)

परवा दुसऱ्या एका धाग्यावर प्रश्न आला होता: अमेरिकेत इतकी माणसं डॉक्टरच्या चिठ्ठीवरच्या ओपिऑइड गोळ्यांत (अफूच्या जातीची, सवय लावणारी तीव्र वेदनाशामकं) कशी अडकली? उत्तराचा एक मोठा तुकडा कामगार-भरपाईच्या विम्यात, म्हणजे इथे ज्याला सगळे 'वर्कर्स कॉम्प' म्हणतात त्यात आहे. त्यावर मराठीत फारसं वाचायला मिळत नाही म्हणून हा वेगळा धागा.

मी ओहायोत फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे गोदामात खोकी उचलणारे, छपरं घालणारे, नर्सिंग होममध्ये पेशंटला उचलून खुर्चीत बसवणाऱ्या बायका असे लोक येतात. बहुतेकांची तक्रार पाठीची किंवा खांद्याची. जीव जाण्यासारखं यात काही नसतं. तरीही अशाच तक्रारींवर औषध घेता घेता माणसं गेली आहेत, आणि ती का गेली हे समजून घ्यायला हवं.

भारतातल्या वाचकांसाठी थोडक्यात रचना. कामावर इजा झाली की उपचाराचा खर्च आणि बुडालेल्या पगाराचा काही भाग (बहुतेक राज्यांत साधारण दोन तृतीयांश) मालकाच्या विम्यातून मिळतो. बदल्यात कामगाराने मालकावर दावा लावायचा नाही. विस्कॉन्सिनमध्ये १९११ पासून हे सुरू झालं आणि मग राज्याराज्यांत पसरलं. प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. बहुतेक ठिकाणी खासगी विमा कंपन्या हे काम करतात. ओहायो, वॉशिंग्टन, नॉर्थ डकोटा आणि वायोमिंग या चार राज्यांत मात्र हा विमा सरकारी फंडातूनच चालतो. हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण अशा राज्यात कुणाला किती गोळ्या मिळाल्या आणि पुढे त्याचं काय झालं, हे एकाच खात्याला दिसू शकतं.

वॉशिंग्टनमध्ये ते दिसलं. तिथल्या लेबर अँड इंडस्ट्रीज (कामगार) खात्याचे तेव्हाचे वैद्यकीय संचालक डॉ. गॅरी फ्रँकलिन न्यूरॉलॉजिस्ट आहेत. पाठीत उसण भरली म्हणून क्लेम केलेली माणसं काही वर्षांनी औषधाच्या अतिडोसाने मेल्याच्या नोंदी त्यांच्यासमोर येऊ लागल्या. १९९६ मध्ये ऑक्सिकॉन्टिन हे दीर्घ परिणामाचं ओपिऑइड बाजारात आलं होतं. १९९९ मध्ये याच राज्याने नियम केला होता की केवळ गोळ्यांचं प्रमाण बघून डॉक्टरवर कारवाई होणार नाही. वेदनेने तळमळणाऱ्या माणसाला औषध नाकारलं जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. पण त्यामुळे वरची मर्यादाच नाहीशी झाली. फ्रँकलिन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये छापलेल्या अभ्यासात १९९६ ते २००२ या काळात दीर्घ परिणामाच्या ओपिऑइडचा सरासरी रोजचा डोस मॉर्फिनच्या हिशोबात ८८ मिलिग्रॅमवरून १३२ वर गेलेला दिसतो. अपघाती अतिडोसाने नक्की किंवा बहुधा झालेले ३२ मृत्यू त्यांनी शोधून काढले. ही सगळी कामावर दुखापत झालेली माणसं होती.

२००७ मध्ये तिथल्या सरकारी खात्यांच्या वैद्यकीय संचालकांनी मिळून मार्गदर्शिका काढली. रोज १२० मिलिग्रॅमच्या वर जायचं असेल आणि दुखणं व हालचाल यांत सुधारणा नसेल, तर आधी वेदनातज्ज्ञाचा सल्ला घ्या, असं तिचं सांगणं होतं. आज ऐकायला साधं वाटतं, पण त्या वेळी डोसाला असा आकडा लावणं हेच धाडस होतं. पुढे २०१० मध्ये राज्याने कायदाच केला. २००७ नंतर १२० किंवा त्याहून जास्त डोसवर असलेल्या कामगारांचं प्रमाण ३५ टक्क्यांनी घटलं आणि २००९ ते २०१० या एका वर्षात मृत्यू निम्म्यावर आले.

माझं स्वतःचं मत आधीच सांगते. विम्यात जी गोष्ट लवकर मंजूर होते, तीच पेशंटला मिळते. गोळीचं बिल दुकानातल्या काउंटरवर त्याच दिवशी पास व्हायचं आणि व्यायामोपचाराच्या मंजुरीला आठवडे लागायचे. या दोन वेळांमधलं अंतर कमी केल्याशिवाय गोळ्यांवर घातलेली कोणतीही बंदी अर्धवटच राहते. तुमचे अनुभव लिहा.

रातपाळी

चांगला विषय. मी पुण्यात काही वर्षं अमेरिकन विम्याची मेडिकल बिलं तपासण्याचं काम केलं आहे, संध्याकाळी बसने जायचं आणि पहाटे परतायचं. वर्कर्स कॉम्पचे क्लेम हेच आमचं मुख्य काम होतं. त्यामुळे टेक्सासबद्दल लिहितो.

टेक्सासने २००५ च्या कायद्यातून 'क्लोज्ड फॉर्म्युलरी'चा रस्ता धरला. म्हणजे औषधांची यादी, आणि तीत काही औषधांपुढे 'एन' असं अक्षर. एन असेल तर डॉक्टरने आधी मंजुरी घ्यायची, गरज का आहे ते कागदावर दाखवायचं. १ सप्टेंबर २०११ किंवा त्यानंतरच्या दुखापतींना हे लगेच लागू झालं आणि त्याआधीच्या जुन्या क्लेमना दोन वर्षांनी, १ सप्टेंबर २०१३ पासून. मधली दोन वर्षं डॉक्टर आणि पेशंटनी पर्याय शोधावा म्हणून दिली होती. ऑक्सिकॉन्टिन एन यादीत होतं, कॅरिसोप्रोडॉलही होतं.

हे दुसरं नाव मुद्दाम घेतलं. जुन्या क्लेममध्ये एकाच माणसाच्या नावावर दुखण्यासाठी ऑक्सिकोडोन, झोपेसाठी अल्प्राझोलाम आणि स्नायू सैल करायला कॅरिसोप्रोडॉल अशी तिन्ही बिलं महिनोन् महिने यायची. तिन्ही श्वास मंदावणारी औषधं. प्रत्येक बिल सुटं बघितलं तर नियमात बसायचं. एकत्र कोण बघणार, हा प्रश्न यादीने बऱ्याच अंशी सोडवला, कारण आता कुणाला तरी कागदावर कारण लिहावं लागत होतं.

अजून एक. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत डॉक्टर स्वतःच दवाखान्यातून गोळ्या विकायचे, तेही पुन्हा पॅक करून दुकानापेक्षा कितीतरी चढ्या भावाने. फ्लोरिडाने २०११ मध्ये तीव्र ओपिऑइड दवाखान्यातून विकायला बंदी केली. ते पेशंट मग चिठ्ठी घेऊन मेडिकल दुकानात जातील असं वाटलं होतं. वर्कर्स कॉम्पवर अभ्यास करणाऱ्या संस्थेने तपासलं तर दुकानातली विक्री तेवढी वाढलीच नव्हती. त्या पेशंटना सौम्य वेदनाशामक मिळू लागले होते. म्हणजे त्यातल्या बऱ्याच गोळ्यांची गरजच नव्हती. मला हा पुरावा सगळ्यात बोलका वाटतो.

फक्त_वाचतो

मृण्मयीताई, एक शंका. चिठ्ठीवरच्या गोळ्या कमी झाल्या असं सगळीकडे वाचतो. पण अतिडोसाचे मृत्यू तर वाढतच गेले ना? २०२१ मध्ये लाखाच्या वर होते. मग या सुधारणांनी साधलं काय?

सिएटलकर

मी वॉशिंग्टनमध्ये फॅमिली डॉक्टर आहे, म्हणून आधी मी लिहितो.

आपण नंतरच्या मृत्यूंबद्दल बोलतोय, पण खरी लढाई पहिल्या सहा आठवड्यांत असते. आमच्याच राज्यात पाठदुखीच्या १८४३ कामगारांवर एक अभ्यास झाला, २००८ मध्ये छापला गेला. एक तृतीयांशाहून जास्त लोकांना पहिल्या सहा आठवड्यांत ओपिऑइड मिळालं होतं, आणि त्यातल्या निम्म्यांना तर पहिल्याच भेटीत. दुखापत किती गंभीर होती, सुरुवातीला वेदना किती होती, हे सगळं हिशोबात धरूनही सात दिवसांहून जास्त गोळ्या घेतलेल्यांची वर्षभरानंतरही घरीच बसलेले असण्याची शक्यता दुपटीहून थोडी जास्त निघाली.

गोळीमुळेच माणूस घरी बसला असं एवढ्या एका अभ्यासावरून मी म्हणणार नाही. पण गोळीने तो लवकर कामावर जातो हा समज मात्र यातून निकालात निघतो. मी वैद्यकीय शिक्षण घेतलं तेव्हा आम्हाला नेमकं हेच शिकवलं जायचं: वेदना दाबा, माणूस हलायला लागेल.

वॉशिंग्टनने दुसरी एक गोष्ट केली, जिची चर्चा कमी होते. ठिकठिकाणच्या रुग्णालयांत व्यवसायजन्य आरोग्याची केंद्रं सुरू केली. पहिलं रेंटनला, मग स्पोकेनला. तिथे समन्वयक असतो. डॉक्टरने अपघाताचा अहवाल दोन कामाच्या दिवसांत पाठवला तर त्याला जास्त पैसे मिळतात. मालकाला फोन करून 'याला हलकं काम देता येईल का' असं विचारलं तर त्या फोनचेही पैसे मिळतात. मी स्वतः असे फोन करतो. फोरमनला विचारलं की 'दोन आठवडे याला जड उचलायला लावू नका, दुसरं काही आहे का', तर बहुतेक वेळा काहीतरी निघतं. वर्षभराने भरपाईवरच असणाऱ्यांचं प्रमाण या केंद्रांत साधारण पाचव्या हिश्श्याने कमी आढळलं. यात एकाही गोळीवर बंदी घातलेली नाही. फोन करणाऱ्याला त्या वेळेचे पैसे दिले, एवढंच.

शरयू_के

मी इथे सहसा लिहीत नाही. पण हा धागा वाचून गप्प बसवेना.

आम्ही टेक्सासमध्ये राहतो. माझे यजमान २००९ मध्ये कामावर शिडीवरून पडले. मणक्याची दोन ऑपरेशनं झाली. त्यांना वर्षानुवर्षं ओपिऑइड चालू होतं. मागितलं नव्हतं, डॉक्टरांनी दिलं. ते त्यावर दुकानात जाऊ शकत होते, मुलीच्या शाळेच्या कार्यक्रमाला दोन तास बसू शकत होते. २०१७ मध्ये दवाखान्याने सांगितलं की नव्या नियमांमुळे आम्ही हा डोस देऊ शकत नाही, आणि काही आठवड्यांत निम्म्याहून खाली आणला. घाम, जुलाब, रात्र रात्र झोप नाही. एका रात्री ते मला म्हणाले की हे असंच राहणार असेल तर मला जगायचं नाही. माझ्या हातून पाण्याचा पेला सुटला होता.

तुम्ही सगळे जे आकडे लिहिताय ते खरे असतील. पण ८८ वरून १३२ झालेल्यांसारखाच एक माणूस माझ्या घरात आहे. ज्यांनी त्यांना चढवलं त्यांनीच एका झटक्यात उतरवलं. सुधारणा म्हणताना या लोकांचं काय करायचं, तेही लिहा.

सिएटलकर

शरयूताई, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. हे जे घडलं ते वैद्यकीयदृष्ट्या चूक होतं, हे स्पष्ट सांगतो.

२०१६ मध्ये सीडीसीने (अमेरिकेच्या केंद्र सरकारची रोगनियंत्रण संस्था) मार्गदर्शिका काढली, तीत ९० मिलिग्रॅमचा आकडा होता. ती नव्याने गोळ्या सुरू करणाऱ्यांना आणि डोस वाढवणाऱ्यांना सावध करायला होती. पण विमा कंपन्यांनी, राज्यांनी, दवाखान्यांनी तो आकडा सगळ्यांसाठी लक्ष्मणरेषा करून टाकला. एप्रिल २०१९ मध्ये एफडीएला, म्हणजे औषधांना मंजुरी देणाऱ्या संस्थेला, जाहीर इशारा द्यावा लागला की शरीराला सवय झालेल्या पेशंटचं ओपिऑइड अचानक बंद केलं तर तीव्र त्रास, असह्य वेदना आणि आत्महत्येपर्यंत वेळ येऊ शकते. २०२२ मध्ये सीडीसीने मार्गदर्शिका बदलली आणि डोस कमी करायचा तर पेशंटच्या संमतीने, हळू, वर्षाहून जास्त काळ घेतलेल्यांत महिन्याला दहा टक्के किंवा त्याहून कमी, असं सुचवलं. मधल्या सहा वर्षांत जे पोळले त्यांची भरपाई कुणी केली नाही.

मृण्मयी_ओहायो

शरयूताई, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. तुमचे यजमान आता कसे आहेत ते जमलं तर जरूर लिहा.

ओहायोचा अनुभव मी त्यासाठीच मांडणार होते. आमच्या राज्याच्या कामगार-भरपाई ब्युरोने २०११ मध्ये फॉर्म्युलरी आणली. साठ दिवस किंवा त्याहून जास्त काळ रोज किमान ६० मिलिग्रॅम मॉर्फिनइतकं औषध घेणारा तो 'अवलंबून', अशी त्यांची व्याख्या. तेव्हा असे आठ हजारांवर कामगार होते. २०१७ च्या आर्थिक वर्षाअखेर ते ३,३१५ राहिले. हा आकडा खूप मिरवला गेला. मला मात्र नेहमी प्रश्न पडायचा: बाकीचे पावणेपाच हजार लोक गेले कुठे? बरे झाले की नुसते यादीतून निघाले?

ऑक्टोबर २०१६ च्या नियमाने या प्रश्नाला थोडं उत्तर दिलं. डॉक्टरने योग्य पद्धत पाळली नाही (उपचाराचा आराखडा नाही, धोक्याचं मूल्यमापन नाही, प्रगतीची नोंद नाही) तर ब्युरो त्या गोळ्यांचे पैसे देणं थांबवू शकतो. त्याच नियमात, कामावरच्या दुखापतीसाठी घेतलेल्या औषधांमुळे अवलंबित्व आलं असेल तर त्यावरच्या उपचाराचा खर्चही ब्युरो देईल, असं आहे. हे दुसरं कलम माझ्या मते पहिल्यापेक्षा मोठं. ज्या फंडातून औषध दिलं, त्याच फंडाने त्यातून बाहेर यायचे पैसे दिले पाहिजेत. प्रत्येक राज्यात हे सक्तीचं असायला हवं आणि ते नाही याचा मला राग येतो.

आणि १ जानेवारी २०१८ पासूनचा नियम: कंबरेच्या मणक्याचं फ्यूजन (मणके एकमेकांना जोडण्याची शस्त्रक्रिया) करायचं तर आधी किमान साठ दिवस विनाशस्त्रक्रिया उपचार, त्यात मुख्य भर व्यायामोपचारावर (काही तातडीच्या स्थितींचा अपवाद सोडून). फ्यूजननंतर गोळ्यांवर राहिलेली किती माणसं मी बघितली आहेत! हा नियम आल्यावर माझ्याकडे लोक लवकर येऊ लागले, वेदना मुरायच्या आत. साठ दिवसांत सगळे बरे होतात असं नाही. पण वाकायचं कसं, उचलायचं कसं, दुखतंय तरी काय करता येतं, हे शरीराला शिकवायला वेळ मिळतो.

@फक्त_वाचतो, तुमची शंका रास्त आहे. चिठ्ठीवरच्या गोळ्या घटल्या तोवर बाजारात हेरॉइन आणि मग बेकायदा फेंटानिल (फार तीव्र कृत्रिम ओपिऑइड) आलं, आणि मृत्यूंचा मोठा वाटा त्यांचा आहे. जो अजून गोळीवर गेलेलाच नाही त्याला ही सुधारणा वाचवते. जो आधीच अवलंबून आहे त्याची गोळी तोडून त्याला रस्त्यावर सोडलं तर तीच सुधारणा त्याला फेंटानिलकडे ढकलू शकते. म्हणून अवलंबित्वावरच्या ब्युप्रेनॉर्फिनसारख्या औषधाचे उपचार आणि घरात अतिडोस उतरवणारा नालोक्सोनचा फवारा, दोन्हींचा खर्च क्लेममध्येच हवा.

हेमंत_बॉस्टन

मी बांधकाम क्षेत्रात सुरक्षेचं काम बघतो. मॅसॅच्युसेट्सच्या आरोग्य विभागाने २०११ ते २०१५ मधल्या अतिडोसाच्या मृत्यूंचा व्यवसायवार अभ्यास केला होता. बांधकाम आणि खाणकामातल्या लोकांत हे प्रमाण एकूण कामगारांच्या सरासरीच्या सहापट निघालं. ज्या व्यवसायांत दुखापती जास्त आणि पगारी आजारपणाची रजा कमी, तिथे मृत्यू जास्त.

रजेचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. साइटवर ज्याला उद्या नाही आलं तर पैसे नाहीत, तो क्लेमही करत नाही. कुणाकडून तरी दोन गोळ्या घेतो आणि मचाणावर चढतो. त्याच्यापर्यंत फॉर्म्युलरी पोचतच नाही, कारण त्याचा क्लेमच नाही. कागदपत्रं नसलेले स्थलांतरित मजूर तर आणखी घाबरलेले. औषधांचे नियम कितीही करा, क्लेम केल्यावर नोकरी जाणार नाही याची खात्री नसेल तर खालचा माणूस बाहेरच राहतो.

सातपूर_एमआयडीसी

आपल्याकडचं चित्र उलटं आहे, म्हणून दोन ओळी. आमच्याकडे प्रेसवर बोटं गेलेल्या कामगाराला ओपिऑइड जास्त मिळण्याचा प्रश्न नाही. १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याच्या धास्तीने कॅन्सरच्या पेशंटलासुद्धा मॉर्फिन मिळेना. २०१४ च्या दुरुस्तीने परवाने सोपे केले, तरी लहान गावांत आजही मारामार. आणि ट्रॅमाडॉल हे ओपिऑइड मात्र बरीच वर्षं सहज मिळायचं. ते एनडीपीएसखाली आलं २०१८ मध्ये.

पण हेमंतदादांनी लिहिलंय ते मात्र इथे जसंच्या तसं लागू आहे. ईएसआयचं कार्ड असलेला कामगार दवाखान्यात जातो. ठेकेदाराकडचा हंगामी पोरगा मेडिकलवाल्याला 'दुखण्याचं काहीतरी द्या' म्हणतो आणि रात्रपाळीला उभा राहतो.

रातपाळी

सिएटलकर, तडजोडीबद्दल लिहाल का? आमच्याकडे जुने क्लेम बंद करताना एक गोष्ट मला नेहमी खटकायची.

सिएटलकर

कळलं, तुम्ही मेडिकेअरच्या (वृद्धांचा आणि दीर्घकाळ अपंगत्व आलेल्यांचा सरकारी आरोग्य विमा) राखीव रकमेबद्दल म्हणताय. कामगार मेडिकेअरवर असेल किंवा लवकरच जाणार असेल, तर क्लेम एकरकमी मिटवताना पुढच्या औषधोपचारासाठी रक्कम बाजूला ठेवतात. तिचा हिशोब आज चालू असलेल्या औषधांवर, उरलेल्या आयुष्याची वर्षं धरून होतो. म्हणजे ४५ वर्षांचा माणूस आज जेवढं ओपिऑइड घेतो तेवढंच तीसेक वर्षं घेणार असं धरायचं. विमा कंपनीला ती रक्कम परवडत नाही, मग क्लेम उघडा राहतो आणि गोळ्याही चालू राहतात. किंवा रक्कम मंजूर होते आणि आयुष्यभराच्या गोळ्यांवर शिक्का बसतो. तडजोडीच्या आधी वर्ष-दोन वर्षं सावकाश डोस उतरवण्याचा कार्यक्रम पूर्ण खर्चासह द्यायला हवा, तोही पेशंट तयार असेल तरच. हे काम थोड्या कंपन्या करतात. नियम म्हणून कुठे व्हायला हवं तर इथे.

शरयू_के

सगळ्यांनी इतक्या आपुलकीने लिहिलंत, आभार. यजमान आता बरे आहेत, म्हणजे जगताहेत. दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंनी त्यांना ब्युप्रेनॉर्फिनवर आणलं. वेदना आहे, पण रात्री झोप लागते. बाईंनी शारीरिक आणि मानसिक दोन्ही असा एक पुनर्वसनाचा कार्यक्रम सुचवला आहे, काही आठवड्यांचा. विम्याचं पत्र आलंय की वैद्यकीय गरज सिद्ध होत नाही. आता काय करायचं असतं?

रातपाळी

शरयूताई, हे मला नीट माहीत आहे. ते पत्र टाकू नका, पाकिटासकट जपून ठेवा, कारण मुदत पत्र हातात पडल्या दिवसापासून मोजतात. आधी डॉक्टरीणबाईंना फेरविचाराचा अर्ज करायला सांगा. त्यात आधी काय काय करून झालं, आज किती वेळ बसता-उभं राहता येतं आणि कार्यक्रमानंतर काय अपेक्षित आहे, हे आकड्यांत लिहायला सांगा. नुसतं 'वेदना आहे' लिहिलं की नकार ठरलेला. फेरविचारातही नकार आला तर स्वतंत्र तज्ज्ञांच्या संस्थेकडे प्रकरण न्यायचा तुम्हाला हक्क आहे, आणि मंजुरीच्या वादात तिची फी विमा कंपनीने भरायची असते. टेक्सासमध्ये जखमी कामगारांना मदत करणारं वेगळं सरकारी कार्यालय आहे, २००५ च्या त्याच कायद्याने झालेलं. पैसे घेत नाहीत. उद्याच फोन करा.

आणि पुढे कधी ब्युप्रेनॉर्फिनच अडवलं आणि अचानक बंद होण्याचा धोका दिसला, तर टेक्सासच्या नियमांत एन यादीतल्या औषधासाठी तातडीचा अंतरिम आदेश मागायची सोय आहे. तो डॉक्टर किंवा औषधविक्रेता मागू शकतो. त्या डॉक्टरीणबाईंना हे माहीत आहे का, ते आत्ताच विचारून ठेवा. पत्रातला मजकूर नाव झाकून मला व्यक्तिगत निरोपात पाठवलात तर अर्जात काय काय लागेल ते मी लिहून देतो.